कायटोसन पावडर: माल चांगला, डब्यावरचा शंख मात्र शोभेचा (5 पैकी 3)

गच्चीवरच्या मिरच्या आणि गुलाबांवर रोगाविरुद्ध फवारायला ही पावडर ऑनलाइन मागवली, ब्रँडचं नाव मुद्दाम घेत नाही. डब्यावर हा मोठा समुद्री शंख आणि खाली "टाकाऊ शंखांपासून नैसर्गिक बायोपॉलिमर". आता शंख म्हणजे बहुतेक सगळा कॅल्शियम कार्बोनेटच, 95 टक्क्यांच्या वर, म्हणून तर कोकणात शिंपल्या भाजून चुना करायचे. त्यातून कायटिन (कवचातला, ज्याचं कायटोसन करतात तो पदार्थ) काढायचं म्हटलं तर अ‍ॅसिडमध्ये जवळजवळ सगळा शंख विरघळून जाणार आणि हाती चिमूटभर काहीतरी उरणार, धंदा कसा परवडेल? डबा उलटा केला तर मागे बारीक अक्षरात सोर्स "क्रस्टेशियन शेल", म्हणजे कोळंबी-खेकड्याची सालं. ते बरोबर आहे, सुकलेल्या कोळंबीच्या सालात साधारण पाचवा हिस्सा तरी कायटिन असतं. आधी सौम्य हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडने चुना काढतात, मग कॉस्टिक सोड्याने प्रोटीन, आणि शेवटी कडक गरम कॉस्टिकमध्ये कायटिनचं कायटोसन होतं. मग पुढे खोटं चित्र कशाला रे बाबा!

पण पावडर चांगली आहे हं. व्हिनेगरमध्ये टाकल्यावर फसफसली नाही, म्हणजे चुना नीट काढलाय (शंखाचा तुकडा टाकून बघा, लगेच बुडबुडे येतात). साध्या पाण्यात कितीही ढवळा, विरघळत नाही आणि डब्यावर नुसतं "पाण्यात मिसळा" लिहिलंय, त्यामुळे खराब माल आला म्हणून एक स्टार देणारे बरेच दिसले. 20 मिली पांढरं व्हिनेगर, 80 मिली पाणी, त्यात 1 ग्रॅम पावडर, अधूनमधून ढवळत रात्रभर ठेवायचं, सकाळी पेजेसारखं होतं, ते गाळून लिटरभर पाणी करायचं आणि संध्याकाळी फवारायचं, आधी एकदोन पानांवरच.

गुलाबाच्या नव्या पानांवर काळे ठिपके यंदा कमी वाटले, पाऊसही कमी होता त्यामुळे शपथेवर सांगत नाही. हे बुरशीनाशकासारखं झटपट काम करत नाही, झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करतं, म्हणून रोग पसरल्यावर मारून फारसा उपयोग नाही. मिरचीच्या चुरडा-मुरड्याला (पानं आकसतात तो रोग) तर काडीचा फरक नाही, तो थ्रिप्स (फुलकिडे)-व्हायरसचा प्रकार, विकणारे काहीही लिहितात.

डिअ‍ॅसिटिलेशनची टक्केवारी डब्यावर कुठेच नाही, ती हवीच, त्यावरच तर कळतं कायटिनचं कायटोसन कितपत झालंय ते. आणि घरात कोणाला कोळंबीची अ‍ॅलर्जी असेल तर पावडर ओतताना मास्क लावा, शंखाचं चित्र बघून कोणाच्या डोक्यातही येणार नाही.