कॅनडासाठी ‘प्रॉक्सी मॅरेज’ करून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

१,८५,००० रुपये गेले. ४०,००० सल्ल्याचे, ९५,००० ‘मोंटाना फी’ (मोंटाना हे अमेरिकेतलं राज्य), ५०,००० ॲपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी दाखला, आणि कुरिअरचे. सांगलीतल्या व्हिसा एजंटने पावती दिली फक्त ४०,०००ची, बाकी रोख. नवरा मुलगा कॅनडात ब्रॅम्प्टनला, रजा नाही. म्हणून भाचीचं लग्न अमेरिकेत ‘डबल प्रॉक्सी’, म्हणजे नवरा-नवरी दोघंही गैरहजर, त्यांच्या जागी दुसरेच उभे, आणि त्या सर्टिफिकेटवर कॅनडाची स्पाउस फाइल, म्हणजे जोडीदाराला तिकडे नेण्याचा स्पॉन्सरशिप अर्ज. नामंजूर.

होणारच होती. ११ जून २०१५ पासून कॅनडा प्रॉक्सी, फोन, फॅक्स, इंटरनेटवरचं लग्न स्पॉन्सरशिपला धरतच नाही, मग ते जिथे लागलं तिथे कितीही कायदेशीर असो. सूट आहे ती कॅनडाच्या सैन्यातल्यांना. अमेरिकेतही लग्नानंतर दोघांचा शरीरसंबंध आल्याशिवाय इमिग्रेशनवाले जोडीदार मानत नाहीत. एजंट हे बोलत नाहीत.

खटकायला हवं होतं ते अर्जातच होतं. मोंटानात डबल प्रॉक्सीसाठी दोघांपैकी एक तिथला रहिवासी किंवा अमेरिकी सैन्यात सेवेत लागतो. या माणसाने मुलाच्या नावापुढे मोंटानाचा पत्ता टाकला. पगाराची स्लिप ब्रॅम्प्टनची, त्याच फाइलमध्ये! विचारलं तर म्हणे, “केअर ऑफ असतो तो, काका.” पेन्सिलने फुली मारलेल्या जागी सह्या घेतल्या. कुणी म्हणेल, वाचलं नाही का? अहो, वाचायचेच पैसे घेतले होते त्याने! सोनेरी शिक्का खरा, ॲपोस्टिल खरं. पण ॲपोस्टिल सही-शिक्क्याची खात्री देतं, मजकुराची नाही.

पोलिस ठाण्यात ‘दिवाणी बाब’. सायबरला ‘रोख दिलेत, आमचं काम नाही’. विवाह नोंदणीला ‘दोघांना आणि तीन साक्षीदारांना घेऊन या’. खोट्या पत्त्याचा अर्ज टेबलावर ठेवला, कुणी उलगडूनसुद्धा पाहिला नाही. साहेब बंदोबस्तावर, मग मीटिंगला, मग रजेवर. खोटं सांगून पैसे उकळणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये बसत नाही, तर कशात बसतं?

रोख देऊ नका. एजंटने भरलेल्या प्रत्येक पानाची झेरॉक्स सहीआधी घ्या. ज्यांचं असं लग्न झालंय त्यांनी समोरासमोर लग्न करून नवी फाइल टाकावी, आणि खोटा पत्ता आधी कॅनडातल्या लायसन्सधारक सल्लागाराला दाखवावा. चुकीच्या माहितीबद्दल ५ वर्षांची बंदी येऊ शकते. ठाण्यात गुन्हा नोंदवत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलिस अधीक्षकांना लेखी तक्रार पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा. तिथेही दाद नाही लागली तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो.