फ्लेक्शर डिझाइन : ‘आधी बंधनं मोजा’ पद्धत काही महिने वापरल्यानंतर

बेअरिंग किंवा स्लाइड न लावता, पातळ पात्या वाकवून मायक्रॉनच्या आत अचूक हालचाल मिळवायची, हे फ्लेक्शरचं काम. घर्षण नाही, बॅकलॅश (दिशा बदलताना जाणवणारी ढिलाई) नाही, वंगण नाही. शिकवताना मात्र बहुतेक जण थेट सिम्युलेशन उघडतात. मी त्याऐवजी आधी बंधनं मोजायची, आकार नंतर काढायचा, ही पद्धत धरली आणि आता दुसरीकडे वळावंसं वाटत नाही.

मोकळ्या वस्तूला हलायला सहा वाटा असतात : तीन सरकण्याच्या, तीन फिरण्याच्या. अडवलेली प्रत्येक वाट म्हणजे एक बंधन. बारीक तार त्यातली एक अडवते, पातळ रुंद पाती तीन. समोरासमोर दोन समांतर पात्या लावल्या की बंधनं सहा होतात, पण त्यातलं एक दोनदा मोजलं जातं. म्हणून पाचच वाटा बंद होतात आणि एक सरळ हालचाल उरते. त्या जादा बंधनाकडे मी सगळ्यांचं लक्ष वेधेन. पात्या वेगळ्या करून स्क्रूने आवळल्या आणि एखादी किंचित पिळलेली असली, तर सगळा ताण आत अडकून बसतो. एकाच ठोकळ्यातून वायर कटने (ठिणग्या पाडणाऱ्या तारेने धातू कापून) काढलेला भाग महाग पडला तरी का परवडतो, हे इथे कळतं.

उरलेली हालचालही अगदी सरळ नसते. ५० मिमी लांबीच्या पात्यांवरचा मंच, म्हणजे पात्यांनी धरलेला हलता भाग, १ मिमी सरकला की पात्यांच्या लांबीच्या दिशेने साधारण १२ मायक्रॉन आत येतो. अशा दोन जोड्या उलटसुलट जोडल्या की ही चूक जवळजवळ फिटते. पण दोन जोड्यांना जोडणारा मधला तुकडा मोकळा राहतो आणि कंपनात तोच त्रास देतो. बंधनं मोजताना तो मोकळेपणा कागदावरच दिसला, याचं मला फार मोल वाटतं.

ताठरता जाडीच्या घनाने वाढते. ०.५ मिमीची पाती ०.०५ मिमीने जाड निघाली तर ताठरता ३३ टक्क्यांनी वाढते. म्हणून वायर कटवाल्याशी टॉलरन्सचं (मापात चालणाऱ्या फरकाचं) बोलणं ड्रॉइंगच्या आधी व्हायला हवं. धातू निवडताना नुसती ताकद पाहू नका. यील्ड स्ट्रेंथला (ज्या ताणापुढे धातू कायमचा वाकतो) लवचीकता गुणांकाने (धातू किती ताठ, त्याचा आकडा) भागा. ७०७५-टी६ अॅल्युमिनियम यात साध्या माइल्ड स्टीलच्या पाचपटीच्या आसपास जातं.

थकवा (पुन्हा पुन्हा वाकून धातू कमजोर होणं), पात्यांच्या मुळाशी साचणारा ताण आणि कंपनाची वारंवारता यांबद्दल ही पद्धत काहीच सांगत नाही. तिथे सिम्युलेशन लागतंच, फक्त तोवर काय शोधायचं ते ठरलेलं असतं. थ्रीडी प्रिंट केलेले नमुने हाताला हालचाल समजावी म्हणून जरूर करा. मात्र पीएलए (थ्रीडी प्रिंटिंगचं नेहमीचं प्लास्टिक) वाकवून धरून ठेवलं की हळूहळू त्याच आकारात बसतं, तेव्हा ताठरतेचा आकडा त्यावरून काढू नका.