बँक्सीचं कातरलेलं चित्र की कॅटेलानचं केळं?

ऑक्टोबर 2018. लंडनच्या सदबीज या लिलावगृहात, ओळख लपवून काम करणाऱ्या बँक्सी या चित्रकाराचं ‘फुगा निसटलेली मुलगी’ हे चित्र 10 लाखांहून अधिक पौंडांना गेलं. हातोडा पडताच बँक्सीनंच चौकटीत लपवलेल्या यंत्रानं ते अर्धं कातरलं! 2021 मध्ये त्याच चिंध्यांना 1.85 कोटी पौंड मिळाले. बाजाराला मारलेली चपराक बाजारानंच पचवली, याचं वाईट वाटतं. तरी मला हीच कृती अधिक भिडते. बँक्सीनं स्वतःचं चित्र पणाला लावलं होतं.

इटालियन कलाकार मॉरिझिओ कॅटेलाननं 2019 मध्ये मायामीच्या कलामेळ्यात भिंतीवर टेपनं केळं चिकटवलं. किंमत 1,20,000 डॉलर. 2024 मध्ये त्याची एक आवृत्ती 62 लाख डॉलरला गेली. केळं सडलं की बदलायचं, विकलं जातं ते अस्सलपणाचं प्रमाणपत्र. कलेची किंमत ठरवतं कोण, हा प्रश्न रास्तच. पण कलाकाराचं त्यात काहीच पणाला लागत नाही.