साली, दांडे, पाला रोज खाऊन: पावसाळ्यापासून आतापर्यंतचा अनुभव

मला पोट साफ न होण्याचा त्रास खूप वर्षं, रात्री इसबगोल घेतला की सकाळी बरं, नाही घेतला की परत तेच. डायटिशियन म्हणाली की इसबगोल पाणी धरून ठेवतो म्हणून पोट साफ होतं, पण आतड्यातले जिवाणू तो फारसा आंबवत नाहीत, त्यांना खायला वेगवेगळ्या भाज्यांचं फायबर लागतं. मग पावसाळ्यापासून जे ओल्या कचऱ्यात जात होतं ते खायला लागले, आता थंडी आलीये म्हणून लिहितेय.

सगळ्यात भारी दोडक्याच्या शिरांची चटणी. शिरा सोलाण्याने काढायच्या, कोरड्या तव्यावर मंद आचेवर कडा तपकिरी होईपर्यंत परतायच्या, मग चमचाभर तेल, लसूण, मिरची, तीळ, सुकं खोबरं घालून कुरकुरीत करायचं आणि खलबत्त्यात भरड कुटायचं, मिक्सरला लावलं की पीठ होतं आणि मजा जाते. दुधीच्या सालीचीही अशीच, फक्त दुधी आधी चाखून बघा, कडू लागला तर अख्खा फेका, कडू दुधीने विषबाधा होते. फ्लॉवरची पानं, मुळ्याचा पाला पीठ पेरून. कोबीचा दांडा किसून कोशिंबिरीत. बटाट्याची हिरवट झालेली साल मात्र अजिबात नको.

आता परिणाम. पहिले काही आठवडे पोटात गुडगुड आणि गॅस भरपूर, तो होणारच, कारण हे फायबर न पचता मोठ्या आतड्यात जातं आणि तिथले जिवाणू ते आंबवतात. त्यातून ब्युटिरेट नावाचं एक फॅटी आम्ल तयार होतं आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्याच्यावरच जगतात, मला तर हे वाचून फार भारी वाटलं होतं. म्हणून सुरुवात चमचाभर चटणीने करा, दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा आणि पाणी भरपूर प्या, नाहीतर उलट कडक होतं. गणपतीनंतर माझा गॅस कमी झाला आणि दसऱ्याच्या सुमारास इसबगोल रोज लागेनासा झाला. वजन वगैरे काही कमी झालेलं नाही, त्या आशेने करू नका.

डब्ल्यूएचओने २०२३ मध्ये मोठ्यांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम फायबर सांगितलंय, तेवढं नुसत्या सालींनी होत नाही हो, उसळ, ज्वारीची भाकरी, फळं हवीतच. भाजीचा ज्यूस गाळून पिणाऱ्यांनो, फायबरचा मोठा भाग त्या चोथ्यात गेला, तो थालीपिठात घाला.

धुणं मात्र नीट हवं, मी मीठ घातलेल्या पाण्यात भिजवून मग नळाखाली चोळते, तरी फवारणीची सगळी औषधं निघतात असं नाही, त्यामुळे साली खायच्या भाज्या जमेल तेव्हा ओळखीच्या शेतकऱ्याकडून घेते. आतड्याचं ऑपरेशन झालेलं असेल किंवा आयबीएस (पोटदुखी आणि कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ असा आतड्याचा जुना त्रास) असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सध्या मटार स्वस्त झालाय, शेंगांच्या सालीचा आतला पापुद्रा ओढून काढायला वेळ लागतो पण भाजी गोडसर होते, या आठवड्यात दोनदा केली.