आधी ट्यूब दाखवा: वाशीतल्या एका स्किन क्लिनिकबद्दल

वाशीतल्या या छोट्या स्किन क्लिनिकमध्ये फोनवर नंबर लावतानाच बजावतात: आधी लावलेल्या सगळ्या ट्यूब घेऊन या, आणि सकाळपासून चट्ट्यावर काही चोपडू नका. अर्धे गुण इथेच. मेडिकलमधून आणलेली स्टेरॉइडमिश्रित क्रीम गजकर्णावर लावली की खाज थांबते, चट्ट्याची कड पुसट होते, बुरशी मात्र पसरत राहते. ट्यूब पाहिल्याशिवाय असा चट्टा भल्याभल्यांना चकवतो.

प्रश्न नेमके. पहिला डाग कुठे उठला, खाज रात्री वाढते का, घरात आणखी कोण खाजवतंय? शेवटच्या दोन उत्तरांतच खरजेचा संशय येतो. कामाबद्दल नुसतं ‘कंपनीत’ सांगून भागत नाही. तुर्भे-रबाळ्याच्या एमआयडीसीत हाताला काय लागतं, ग्लोव्हज रबराचे का, सुट्टीत हात सुधारतात का, सगळं विचारतात.

तपासणी दाखवलेल्या चट्ट्यापाशी थांबत नाही. टाळू, नखं, बोटांच्या बेचक्या, जांघा, सगळं बघतात (पडदा आहे, नर्सही आत असते). लाल डागावर काचपट्टी दाबतात: लाली विरली तर ती रक्तवाहिन्यांतली, तशीच राहिली तर रक्त त्वचेत झिरपलेलं. फिकट चट्टा असेल तर डोळे मिटायला सांगून कापसाचा स्पर्श जाणवतो का ते पाहतात, कोपरामागची नस जाड झालीय का ते चाचपतात. कुष्ठरोग हुकू नये म्हणून ही दोन मिनिटं द्यायलाच हवीत, पण गर्दीच्या ओपीडीत ती हमखास गळतात.

बुरशी तपासायला त्वचेची खरवड चट्ट्याच्या कडेवरूनच घेतात, कारण बुरशी तिथे जास्त सापडते. १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या (त्वचा विरघळवून बुरशी उघडी करणाऱ्या रसायनाच्या) थेंबात ती १०-१५ मिनिटं ठेवून मायक्रोस्कोपखाली बघतात. नखाची खरवड विरघळायला बराच वेळ लागतो, तेवढं थांबावं लागेल.

खटकला तो वूड्स लॅम्प, म्हणजे अंधारात त्वचेवर धरायचा अतिनील दिवा. पडदे पातळ, खोली पुरती अंधारत नाही, आणि शिब्यांची पिवळसर चमक तेवढ्या उजेडातही हरवते. शिवाय अंगावरच्या नेहमीच्या गजकर्णाची बुरशी या दिव्याखाली चमकतच नाही. ‘दिव्यात काही दिसलं नाही’ एवढंच ऐकून पेशंट निर्धास्त घरी जातो. दिव्यात न दिसणारी बुरशीही असू शकते, हे त्याला समजावून सांगत नाहीत.

नंबर शक्यतो सकाळचा घ्या. तपासणीची खाट खिडकीशी आहे. संध्याकाळी डोक्यावर पिवळा बल्ब असतो, आणि सावळ्या त्वचेवर लाली मुळातच जांभळट-तपकिरी दिसते. त्या उजेडात ती सहज निसटते.