घरातले कागद स्कॅन करून घेताय? ते कोणाच्या लॅपटॉपवर होतंय ते आधी बघा

सासऱ्यांच्या नावाने एका फायनान्स कंपनीची नोटीस पोस्टाने घरी आली. महागड्या मोबाइलसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते थकलेत, ताबडतोब भरा, नाहीतर कायदेशीर कारवाई. बाबांनी आयुष्यात एकच कर्ज काढलं, घर बांधताना, आणि तेही मुदतीआधी फेडलं. त्यांच्याकडे आजही बटणांचा फोन आहे. थकबाकीदार म्हणून आपलं नाव छापून घरी यावं, हे त्यांना सहनच होईना. त्या रात्री ते जेवले नाहीत.

हे प्रकरण कुठून सुरू झालं ते सविस्तर सांगते, कारण असा माणूस तुमच्याही दारात येऊ शकतो.

आम्ही सांगलीचे. ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं तेव्हा कागदांच्या ट्रंकेतला खालचा थर अक्षरशः लगदा झाला. २०२१च्या जुलैत पुन्हा तीच धावपळ. खरेदीखत, सूची क्रमांक २, गावाकडचे फेरफार, एलआयसीच्या पॉलिसी, एफडीच्या पावत्या, पेन्शन मंजुरीचा आदेश (पीपीओ), आधारपत्रं, सासूबाईंचे दवाखान्याचे रिपोर्ट, सगळं एकदा कॉम्प्युटरवर घ्यायचं असं तेव्हापासून घरात चाललं होतं. मग एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाहिरात आली: घरी येऊन कागद स्कॅन करतो, फोल्डर लावून पेनड्राइव्हवर देतो, पानाला तीन रुपये.

आलेला मुलगा अतिशय नम्र. ‘काका’, ‘काकू’ म्हणत बोलणारा. स्वतःचा लॅपटॉप आणि कागद ओढून घेणारा फीडरचा स्कॅनर घेऊन आला. काम खरंच नीटनेटकं करत होता. पिना काढायचा, पानं सरळ करायचा, स्कॅन झालं की पुन्हा तशीच पिन मारून कागद बाबांच्या हातात द्यायचा. बाबा शेजारी खुर्ची टाकून बसून होते. एकही कागद घराबाहेर गेला नाही. शेवटी तो म्हणाला, “काका, एक पासपोर्ट फोटो आणि कोऱ्या कागदावर सही द्या, तेही स्कॅन करून ठेवतो. पुढं ऑनलाइन फॉर्म भरताना लागतं.” आता ऑनलाइन फॉर्मला फोटो आणि सही लागते हे तर खरंच आहे. त्यामुळे कोणाला काही खटकलं नाही. पेनड्राइव्ह हातात दिला, “माझ्याकडचं सगळं डिलीट केलं बघा” म्हणून लॅपटॉपवरचं रिकामं फोल्डर दाखवलं आणि पैसे घेऊन गेला.

या फसवणुकीची खरी मेख इथेच आहे. दागिना गेला तर डबी रिकामी दिसते. इथे मूळ कागद सगळे जागेवर असतात, वर पेनड्राइव्हही मिळतो, आणि माणूस समाधानाने पैसे मोजतो. रिकाम्या फोल्डरला तर काहीच अर्थ नाही. तीच फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये, दुसऱ्या ड्राइव्हवर किंवा क्लाउडवर असू शकते.

नोटीस आल्यावर आधी वाटलं की आधारची झेरॉक्स कुठेतरी दुकानात राहिली असेल. आम्ही कंपनीला लेखी अर्ज केला की कर्जाला जोडलेले केवायसीचे कागद दाखवा. बऱ्याच पाठपुराव्यानंतर प्रती ईमेलने आल्या. त्यात बाबांच्या आधारपत्राचं पूर्ण पान होतं आणि उजव्या कडेपासून थोडं आत, वरपासून खालपर्यंत, केसासारखी बारीक करडी रेघ होती.

ती रेघ मी आधी पाहिली होती. पेनड्राइव्ह लावला आणि फाइली उघडत गेले. खरेदीखताच्या पानावर तीच रेघ, पॉलिसीवर तीच, रक्ताच्या रिपोर्टवर तीच, कडेपासून तेवढ्याच अंतरावर. फीडरच्या स्कॅनरमध्ये वाचणारी पट्टी जागेवर स्थिर असते आणि कागद तिच्यावरून सरकत जातो. काचेवर धुळीचा एक कण जरी चिकटला, तरी तो प्रत्येक पानावर लांबलचक रेघ ओढतो. झेरॉक्सच्या दुकानात कागद काचेवर पालथा ठेवून प्रत काढतात, तिथे त्याच कणाचा नुसता ठिपका उमटला असता. म्हणजे कंपनीकडे गेलेली प्रत आमच्याच बैठकीच्या खोलीत, बाबांच्या डोळ्यांसमोर निघालेली होती. कर्जाच्या अर्जावरची सहीसुद्धा त्याच कोऱ्या कागदावरची, तिरक्या रेघेने संपणारी.

अर्जावर मोबाइल नंबर मात्र बाबांचा नव्हता. मग केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर पाहिलं. आपल्या नावावर कोणकोणती सिमकार्डं चालू आहेत ते तिथे दिसतं, आणि बटणांच्या फोनवर आलेल्या ओटीपीनेही ते पाहता येतं. बाबांच्या नावावर एक अनोळखी सिम होतं, आणि अर्जातला नंबर तोच. म्हणून एकही ओटीपी आमच्याकडे आला नाही. कर्जावर मोबाइल घेताना दुकानात फोटोसाठी कॅमेऱ्यासमोर कोण उभं राहिलं, हे कंपनीने अजूनही सांगितलेलं नाही, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आहे. म्हाताऱ्या माणसाला धमकीची नोटीस पाठवायला यांच्याकडे वेळ आहे, आणि फोटोतला चेहरा जुळवून बघायला नाही?

पुढे केलं ते असं. १९३० वर फोन करून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली, तिची प्रत घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. “तुमच्या खात्यातून पैसे गेलेत का?” असं पहिल्यांदा विचारतात. नाही म्हटल्यावर मागे हटू नका. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, पासवर्ड किंवा ओळखीची खूण लबाडीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. संचार साथीवरच ‘हा माझा नंबर नाही’ असं कळवलं. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांना दर वर्षी एक पूर्ण क्रेडिट रिपोर्ट फुकट द्यावा लागतो, चारही मागवले. त्यातल्या चुकीच्या नोंदीवर तक्रार केली की तीस दिवसांत निकाल लावायचा असतो, उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. फायनान्स कंपनीने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला फी नाही. लोकपालाचं नाव पत्रात आल्यावर आमची उत्तरं भराभर यायला लागली. कर्जाची नोंद आता बाबांच्या नावावरून निघाली आहे.

कागद स्कॅन करू नका असं मी अजिबात म्हणत नाही. पुराच्या गावात राहणाऱ्याने तर करावेतच. पण घरच्या कॉम्प्युटरवर, घरच्या माणसाने. साधा सपाट स्कॅनर पुरतो, स्पष्टता (डीपीआय) ३०० ठेवली की जुन्या खरेदीखताचा शिक्काही वाचता येतो. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, तारीख आणि कागदाचं नाव टाकलं की सगळं आपोआप क्रमाने लागतं. पॅन, आधार, लायसन्स हे स्कॅन करण्यापेक्षा डिजिलॉकरमधून घ्या. संबंधित खात्याकडून तिथे आलेली प्रत मूळ कागदाइतकीच ग्राह्य असते, आपण स्वतः चढवलेल्या स्कॅनला तो दर्जा नाही. सातबारा तर पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा मिळतो. ओळखीचे कागद आणि बँकेचे कागद आम्ही व्हेराक्रिप्ट या सॉफ्टवेअरने पासवर्ड लावून केलेल्या कुलूपबंद फोल्डरमध्ये ठेवलेत, त्याची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर नणंदेकडे पुण्यात. कोणी आधार मागितलं तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्यायचं, त्यावर कारण आणि तारीख लिहून. बाबांच्या आधारचं बायोमेट्रिकही लॉक केलंय.

कागद खूपच असतील आणि माणूस बोलवावाच लागला, तर स्कॅनर त्याचा चालेल, पण केबल तुमच्या कॉम्प्युटरला लावायची. आधार, पॅन, पासबुक आणि सही असलेला कोरा कागद त्या ढिगात ठेवायचाच नाही.

त्या मुलाचा फोन बंद आहे, जाहिरात ग्रुपवरून गायब झाली आहे, तपास चालू आहे. सांगली, मिरज, कोल्हापूर भागात कोणी असं घरी बोलावून काम करून घेतलं असेल, तर आजच पेनड्राइव्ह उघडून पानांच्या उजव्या कडेजवळ उभी करडी रेघ आहे का बघा. असेल तर नोटीस येण्याची वाट पाहू नका. संचार साथी आणि क्रेडिट रिपोर्ट लगेच तपासा आणि तो पेनड्राइव्ह पुसू नका, पोलिसांना पुरावा म्हणून तोच लागतो.