हॅण्ड स्टॅकर नऊ महिने वापरून: डॉक नसलेल्या गाळ्यात माल उतरवायला खरे किती पैसे जातात

आधी गंमत सांगतो. माल उतरवायचा त्रास नको म्हणून एक टन उचलणारा, हाताने चालवायचा हायड्रॉलिक स्टॅकर (पुढच्या काट्यांवर माल घेऊन वर-खाली करणारी ढकलगाडी) मागवला, आणि तो घेऊन गाडी दारात आली तेव्हा लक्षात आलं की हे सव्वादोनशे किलोचं धूड खाली उतरवायला आपल्याकडे काहीच नाही. मग नाक्यावरून चार जण आणले, ९०० रुपये मोजले, आणि उतरवायचं यंत्र उतरवून घेतलं. शेजारचा गाळेवाला अजून त्यावरून चिडवतो.

माझा गाळा नऱ्ह्यात आहे, पुण्यात. हॉटेलं, मेस, बचत गट यांना लागणारी मशिनं, म्हणजे कणीक मळायचं मशीन, पल्व्हरायझर (दळायचं मशीन), मोठे वेट ग्राइंडर, असला माल मी राजकोट आणि कोइमतूरहून मागवून विकतो आणि दुरुस्तीही करतो. एक एक क्रेट दीडशे ते साडेतीनशे किलोची. महिन्याला चार-पाच वेळा माल येतो, म्हणजे अख्खी गाडी कधीच भरत नाही, सगळं पार्ट लोड. आणि गाळ्याला डॉक, म्हणजे गाडीच्या मजल्याच्या उंचीचा ओटा, वगैरे काही नाही, शटर उघडलं की थेट रस्ता. आयशरचा फाळका पाडला की गाडीचा मजला माझ्या छातीपर्यंत येतो आणि मोठ्या कंटेनरचा तर चार फुटांच्याही वर. हे जे साडेतीन-चार फूट आहेत ना, त्याचे पैसे कुठल्याच कोटेशनमध्ये लिहिलेले नसतात. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो दारापर्यंत पोचवलं, मशीनवाला म्हणतो आम्ही एक्स-फॅक्टरी, म्हणजे कारखान्याच्या दारात, दिलंय, आणि मधला तो खड्डा तुमचा. ट्रान्सपोर्ट लाइनमध्ये म्हणतातच, ज्याचा माल त्याचा हमाल.

स्टॅकर का घेतला तर गेल्या साली एक कणीक मळायचं मशीन आलं, ३४० किलो. हायड्रा (चाकांवरची क्रेन) बोलावला तर कमीत कमी दोन तासांचं भाडं सांगितलं, तेही कबूल केलं, तर गल्लीच्या तोंडाशी लाइटच्या वायरी खाली लोंबतायत म्हणून तो आतच येईना. ड्रायव्हरला पुढे चाकणला जायचं, त्याची चुळबूळ सुरू. शेवटी दोन फळ्या, चार पाईप आणि खाली जुने टायर टाकून क्रेट घसरवली, ती तिरकी पडली आणि कास्टिंगच्या पायाला चीर गेली. बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, बारीक अक्षरात ओनर्स रिस्क (नुकसान मालवाल्याचं) लिहिलेलं होतंच. कुणाला बोलणार? पाय नवीन मागवला, ४,२०० रुपये, त्याचं भाडं वेगळं.

तेव्हापासून वहीत लिहायला लागलो. चार महिन्यांचं काढलं तर प्रत्येक कन्साइनमेंटमागे फक्त उतरवायचा खर्च सरासरी १,४५० रुपये निघाला. भाड्यात नाही, भाड्याच्या वर.

आता अंदाज कसा चुकतो ते एका खऱ्या क्रेटवरून सांगतो. फोनवर रेट मिळाला ९ रुपये किलो, मशीन २१० किलो, म्हणजे १,८९० रुपये. मी खूश, गिऱ्हाइकाला तोच आकडा सांगून मोकळा. पण क्रेट होती ११० बाय ८० बाय १२० सेंटीमीटर. तिघांचा गुणाकार १०,५६,०००, त्याला २७,००० ने भागलं (ट्रान्सपोर्टवाले फूट ३० सेंटीमीटरचा धरतात) की ३९ सीएफटी, म्हणजे घनफूट, आणि थोडं वर, आणि या ट्रान्सपोर्टचा हिशोब एका सीएफटीला ८ किलो. म्हणजे कागदावर वजन झालं ३१३ किलो, आणि बिल जे वजन जास्त त्याचंच लागतं. २,८१७ रुपये. त्यावर डॉकेट (पावती बनवायचे) १००, डिझेल सरचार्ज १० टक्के म्हणजे २८२, डोअर डिलिव्हरी ५००, आणि दारात आल्यावर उतरवाई १,२००. झाले ४,८९९. गिऱ्हाइकाला सांगितलेले १,८९०. बाकीचे माझ्या मार्जिनमधून. जीएसटीचे ५ टक्के आरसीएममध्ये (रिव्हर्स चार्ज, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याऐवजी माल मागवणाऱ्याने कर भरायचा) आपणच भरायचे, ते क्रेडिटला परत मिळतात म्हणून मी खर्चात धरत नाही, पण महिन्याच्या शेवटी खिशातून जातातच.

आणि ही ८ किलोची गोष्ट प्रत्येकाची वेगळी असते बरं का, कुणी ६ धरतो कुणी १०, म्हणून रेट विचारताना आता मी आधी तेच विचारतो. आठ रुपये किलोवाला दहाच्या हिशोबाने नऊवाल्यापेक्षा महाग पडतो हे मला कळायला दीड वर्ष लागलं. हसू नका.

माझा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो, तो तिथे इंडियन ग्रोसरीचे पॅलेट मागवतो. त्याने सांगितलं की त्यांच्याकडे कोट काढतानाच विचारतात, डॉक आहे का, नसेल तर लिफ्टगेटवाली, म्हणजे मागे माल उतरवायची लिफ्ट असलेली, गाडी लागेल का, घरी डिलिव्हरी आहे का दुकानात, आधी फोन करून यायचं का. प्रत्येक टिकला वेगळे डॉलर. महाग आहे, पण आधी कळतं. टिक करायचं विसरलात तर नंतर बिलात लागूनच येतं म्हणे, म्हणजे तिथेही सुटका नाही. आपल्याकडे मागे लिफ्ट बसवलेल्या गाड्या आहेत, पण पार्ट लोडमध्ये आपल्या वाट्याला तीच गाडी येईल याचा भरवसा नाही, मला तरी एकदाही आलेली नाही.

तर स्टॅकर. ब्रँड सांगत नाही, या रेंजमध्ये बरेचसे सारखेच दिसतात. एक टन, १,६०० मिलीमीटर उचल, काटे ११५० लांब. किंमत ४८,००० अधिक १८ टक्के जीएसटी.

चांगलं आधी. काम करतो. साडेतीनशे किलोची क्रेट मी आणि आमचा पोऱ्या दोघं मिळून पंधरा-वीस मिनिटांत खाली घेतो. पहिल्या महिन्यात आम्ही चूक करत होतो, क्रेट काट्यावर घेऊन स्टॅकर मागे ओढायचो, आणि चार फुटांवर वजन असताना ते हलवणं म्हणजे जीव मुठीत. मग एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनेच शिकवलं. काटे क्रेटखाली घाल, इंचभर उचल, आणि स्टॅकर तिथेच ब्रेक लावून उभा ठेव, गाडी मी पुढे घेतो. गाडी हळूच पाच-सहा फूट पुढे गेली, क्रेट हवेत, मग सावकाश खाली. इतकी साधी गोष्ट! तेव्हापासून ड्रायव्हरला १०० रुपये आणि चहा हे माझ्या हिशोबात कायमचं कलम आहे आणि ते मी कधी वाचवत नाही.

आता जे विकणारा सांगत नाही ते. एक, काटे फक्त साडेतीन-पावणेचार फूट आत जातात. म्हणजे क्रेट फाळक्यापाशी आलेली हवी. पार्ट लोडच्या गाडीत आपला माल कुठे असेल सांगता येत नाही, पुढे केबिनला चिकटून असला तर तिथून मागे पाईपवर सरकवत आणावा लागतो, त्याला दोन माणसं लागतातच. हॅण्ड पॅलेट ट्रक (माल जेमतेम जमिनीवरून उचलून ओढायची हातगाडी) गाडीत चढवून बघितला, पण आपल्या गाड्यांचे पत्रे इतके वरखाली की त्याची बारकी चाकं अडकून बसतात. म्हणून हमाली शून्य होईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. माझी १,४५० वरून ४८० वर आली, शून्यावर नाही.

दोन, ही खरी डोकेदुखी. राजकोटच्या क्रेटला खाली तीन इंची बॅटन, म्हणजे लाकडी पट्ट्या, असतात. गाडीत काटे त्या फटीतून आरामात जातात. पण या स्टॅकरचे काटे त्याच्याच पायांवर येऊन टेकतात, त्यामुळे जमिनीपासून साधारण ९० मिलीमीटरच्या खाली येतच नाहीत, आणि तीन इंच म्हणजे ७५. झालं काय, क्रेट उचलली, खाली आणली आणि ती बोटभर वरच लटकून राहिली. आता बाहेर काढा काटे! पहारीने उचलून खाली लाकडाचे तुकडे सारले तेव्हा सुटका झाली. मग मशीनवाल्याला सांगून बॅटन चार इंची करून घेतले, क्रेटमागे १५० रुपये जास्त घेतो, देतो. तुम्ही घेणार असाल तर आधी तुमच्या पॅलेटची फट मोजा. आणि खालून पट्ट्या मारलेलं बंद पॅलेट येत असेल तर हा प्रकार घेऊच नका, पाय बाहेरून जाणारा वेगळा स्टॅकर मिळतो, तो बघा.

तीन, जमीन. शटरसमोर माझ्याकडे मुरूम आणि त्यावर जुने पेव्हर होते, स्टॅकरची चाकं दोन पेव्हरच्या मध्ये रुतायची. उतारावर तर भरलेला स्टॅकर न्यायचाच नाही. शेवटी बारा बाय दहाचा कोबा करून घेतला, १४,००० रुपये. हा खर्च मी घेताना कुठेच धरला नव्हता आणि सगळा हिशोब तिथेच फसला.

बारीकसारीक सांगायचं तर पायाने पंप मारून काटे चार फुटांवर न्यायला पन्नासेक पेडल लागतात, दिवसाला दहा क्रेट असतील तर पाय बोलेल, तुम्ही बॅटरीवालाच घ्या. पावसाळ्यात चेनला आणि बेअरिंगला ग्रीस मारायचं विसरलो तर ऑगस्टमध्ये करकर सुरू झाली. सातव्या महिन्यात सिलेंडरमधून तेल पाझरायला लागलं, सील किट ६५० आणि मेकॅनिकचे ५००. वॉरंटीत येतं का विचारलं तर सील म्हणजे कन्झ्युमेबल असं उत्तर मिळालं. बरं.

पैशाचं रोखठोक: ४८,००० स्टॅकर (जीएसटी क्रेडिटला गेला), २,९०० त्याचं भाडं, ९०० ती ऐतिहासिक उतरवाई, १४,००० कोबा. एकूण ६५,८००. नऊ महिन्यांत ४३ कन्साइनमेंट आल्या, प्रत्येकी ९७० वाचले, म्हणजे ४१,७१०. अजून २४,००० वसूल व्हायचेत, सील वगैरे धरून थोडे जास्तच. घेताना मी सगळ्यांना सांगत होतो आठ महिन्यांत फुकट होईल. मात्र फुटलेला पाय, ड्रायव्हरची कटकट, थांब्याचे पैसे हे यात धरलेलं नाही, आणि झोप तर नाहीच.

हमालांबद्दल एक बोलतो कारण हा विषय निघाला की लोक लगेच शिव्या घालायला लागतात. १९६९ च्या माथाडी कायद्याखाली नोंदलेली टोळी असेल तर दर ठरलेला असतो, लेव्ही (मजुरीवर माथाडी मंडळाला द्यायची जादा रक्कम) भरायची, पावती मिळते, अंदाज पक्का निघतो. भानगड होते ती आयत्या वेळी, गाडी दारात उभी, ड्रायव्हर हॉर्न मारतोय आणि तुम्ही नाक्यावर माणसं शोधताय. तेव्हा ३,००० मागितले तर समोरच्याची चूक किती आणि आपली किती? काहीजण माथाडीचं नाव सांगून उगाच दमदाटी करतात हेही खरं, पण साडेतीनशे किलो छातीएवढ्या उंचीवरून खाली घेणाऱ्या माणसाला दोनशे रुपये देऊन बघा आणि मग स्वतः एकदा हात लावून बघा.

स्टॅकर माझ्या गाळ्यापुरता. गिऱ्हाइकाकडे तर डॉक सोडा, कधी कधी रस्ताच नसतो. म्हणून आता ऑर्डर घेताना मी फोटो मागतो, दाराचा, गल्लीचा आणि जिन्याचा. सदाशिव पेठेत एका मेसला पहिल्या मजल्यावर ग्राइंडर द्यायचा होता, जिना जेमतेम तीन फुटी. दिवसा मोठी गाडी आत नेता येत नाही म्हणून छोटा हत्ती केला, १,३००. मोटर आणि दगड वेगळे काढून चार जणांनी चढवलं, २,४००. हे सगळं मी कोटेशनमध्ये वेगवेगळ्या ओळींत लिहिलं होतं, त्यामुळे मेसवाल्या काकूंनी घासाघीस केली पण भांडण झालं नाही. आधी मी ‘ट्रान्सपोर्ट एक्स्ट्रा’ एवढंच लिहायचो आणि मग भांडण ठरलेलं.

आणि बिल्टीवर सही करायच्या आधी क्रेट फुटलेली दिसली तर तिथेच पेनाने लिहा आणि फोटो काढा. नंतर कुणी ऐकत नाही.

भोरच्या पुढे एका गावात बचत गटाला पल्व्हरायझर द्यायचा होता, १८० किलो. ट्रान्सपोर्टने गाव लांब म्हणून जादा १,५०० सांगितले आणि वर उतरवाई तुमची. मी आपला टेम्पो आणि पोऱ्या घेऊन गेलो, फळ्या सोबत, कोटेशनमध्ये उतरवाईचे ८०० लावलेले. तिथे पोचलो तर गटाच्या अध्यक्ष ताई म्हणाल्या, “दादा, खाली कशाला घेताय? देवळाच्या ओट्याला लावा की गाडी.” टेम्पो मागे घेतला, ओटा बरोबर फाळक्याच्या उंचीला. क्रेट सरळ ओट्यावर सरकली, दुसऱ्या बाजूने फरशीचा उतार होता, तिथून पाच-सहा बायकांनी आणि आम्ही पाईपवरून पार गिरणीच्या खोलीत नेली. दहा मिनिटं लागली नाहीत. ८०० रुपये बिलातून कमी केले, ताईंनी पिठलं-भाकरी खाऊ घातली. निघताना टेप काढून ओटा मोजला, अडीच फूट. आता फोटो मागताना विचारतो, जवळपास ओटा आहे का.